डोळ्यांखालच्या सावल्या

नोव्हेंबर महिना लागला की दिल्लीच्या सरोजिनी नगरात सकाळ उशिरा उजाडते. सहा वाजून गेले तरी रिंग रोडवरील दिवे धुरकट हवेत पिवळे होऊन तेवत असतात, दुधाच्या केंद्रापुढे शालीत गुरफटलेली माणसे मुकाट्याने उभी असतात, आणि घराघरांतून डब्यांची तयारी चाललेली असते. याच सुमारास घरातील कोणी ना कोणी आरशासमोर क्षणभर थबकते. पापण्या जडावलेल्या, डोळ्यांखाली फुगवटा, आणि त्याच्या खाली काजळ पसरल्यासारखी काळसर कड. रात्री झोप झाली तरी चेहरा जागरण केल्यासारखा का दिसतो, हा प्रश्न मनात येतो आणि चहा उतू जाण्याच्या भीतीने तेथेच सोडून द्यावा लागतो.

सरोजिनी नगर ही मूळची सरकारी नोकरांची वसाहत. पूर्वी तिला विनय नगर म्हणत, पुढे तिला सरोजिनी नायडू यांचे नाव मिळाले. कापडाचा बाजार म्हणून तिची कीर्ती देशभर असली तरी आमच्यासारख्यांना ती आठवते ती तेथील दुमजली क्वार्टरांमुळे आणि त्यांच्यापुढील कडुनिंबांच्या सावलीमुळे. त्यांपैकी बरीचशी क्वार्टरे आता पाडली गेली असून त्यांच्या जागी उंच मनोरे उभे राहत आहेत. जानेवारी २०२५ मध्ये अशा २८ मनोऱ्यांतील अडीच हजारांहून अधिक घरांचे उद्घाटन झाले. त्या जुन्या क्वार्टरांपुढील हिरवळीवर थंडीच्या दुपारी उन्हात बसून वाटाणे सोलता सोलता भारतातील सर्व प्रांतांचे घरगुती वैद्यक ऐकावयास मिळे. डोळ्यांखालच्या काळेपणाचा विषय निघाला की पंजाबी शेजारीण बटाट्याचा कीस सांगे, तमिळ शेजारीण काकडीच्या चकत्या सांगे, तिसरी कोणी गुलाबपाण्याचा आग्रह धरी, आणि माझ्या सासूबाई दुधावरील साय हाच एक खरा उपाय, असे ठासून सांगत. प्रत्येकीला आपल्या उपायाचा गुण आलेला असे. गंमत अशी की उपाय सांगणाऱ्या बहुतेकींच्या डोळ्यांखाली तीच काळी कड असे!

या सल्ल्यांपैकी कोणता घ्यावा, कोणता हसून सोडून द्यावा आणि कोणत्यापासून दूर राहावे, याचा विचार आपण या लेखात करू. त्यासाठी आधी डोळ्याभोवतीच्या त्वचेची थोडी ओळख करून घ्यावयास हवी.

आपल्या शरीरावरील सर्वांत पातळ त्वचा पापण्यांची असते. तिची जाडी सुमारे अर्धा मिलिमीटर. गालाच्या किंवा हाताच्या त्वचेखाली चरबीचा जसा थर असतो तसा येथे जवळजवळ नसतोच. त्वचेच्या लगेच खाली डोळा मिटणारा वर्तुळाकार स्नायू आणि सूक्ष्म रक्तवाहिन्यांचे जाळे असते. मधली जागा सैलसर असते, म्हणून शरीरात थोडेसे पाणी साचले तरी ते प्रथम येथे दिसते. दिवसा आपण उभे असतो, बसलेले असतो, तेव्हा हे पाणी खाली पायांकडे ओढले जाते. रात्री आडवे झालो की ते चेहऱ्याकडे सरकते. झोपेत पापण्यांची उघडझाप नसल्याने त्याचा निचराही मंदावतो. यामुळे सकाळी उठताच दिसणारी थोडी सूज ही बहुधा रोग नव्हे. उठून तास दोन तास हालचाल केली की ती आपोआप उतरते. मात्र उतारवयात डोळ्यांखाली ज्या पिशव्या दिसू लागतात त्यांची गोष्ट निराळी. डोळ्याच्या खोबणीतील चरबीला आवरून धरणारा पडदा वयाबरोबर सैल पडतो आणि ती चरबी पुढे येते. कोणत्याही चकतीने वा लेपाने ती मागे जात नाही, आणि तसे वचन देणाऱ्या बाटलीवर पैसे खर्च करू नयेत.

काळेपणाची कारणे मात्र अनेक आहेत, आणि आपल्या डोळ्यांखालचा काळेपणा कोणत्या प्रकारचा आहे हे घरच्या घरी बऱ्याच अंशी ओळखता येते. दिवसाउजेडी खिडकीशी तोंड करून हातात आरसा घ्या. डोळ्यांखालची त्वचा बोटाने हलकेच खाली ताणा. काळेपणाची रेषा त्वचेबरोबर सरकली आणि तिचा रंग बदलला नाही, तर तो रंग त्वचेतच आहे असे समजावे. भारतीयांमध्ये हा प्रकार फार आढळतो आणि पुष्कळदा तो आईकडून वा वडिलांकडून आलेला असतो. आपल्या आजीच्या जुन्या छायाचित्रात डोकावून पाहिल्यास त्याचा उगम सापडण्याचा संभव आहे. ताणल्यावर निळसर जांभळी छटा अधिक उठून दिसली, तर पातळ त्वचेतून खालच्या रक्तवाहिन्या दिसत आहेत. आणि मान वर करून उजेड सरळ चेहऱ्यावर घेताच काळेपणा नाहीसा झाला, तर तो रंग नसून केवळ सावली आहे, डोळा आणि गाल यांच्यामधील खळगीची किंवा वरच्या फुगवट्याची. एकाच चेहऱ्यावर हे दोन तीन प्रकार एकत्र असणेही नित्याचेच. हा भेद एवढ्यासाठी ध्यानी घ्यावयाचा की रक्तवाहिन्यांच्या छटेवर थंडाव्याचा थोडा उपयोग होतो, सावलीवर झोपेचा आणि सूज उतरण्याचा होतो, पण जन्मतः आलेल्या रंगावर स्वयंपाकघरातील कशाचाही फारसा उपयोग होत नाही. जन्मतः आलेला रंग हा काही दोषही नव्हे, पण ही गोष्ट कोणत्याही जाहिरातीत लिहिलेली आढळणार नाही.

आता उपायांकडे वळू. सर्वांत जुना, सर्वांत स्वस्त आणि खरोखर उपयोगी असा उपाय म्हणजे थंड पाण्याची घडी. स्वच्छ धुतलेल्या मऊ सुती कापडाची, जुन्या धोतराच्या किंवा मलमलीच्या तुकड्याची घडी करावी, माठातील किंवा फ्रिजमधील थंड पाण्यात बुडवून घट्ट पिळावी, आणि पाठीला उशी देऊन, डोके थोडे उंच ठेवून मिटल्या डोळ्यांवर दहा मिनिटे ठेवावी. मध्येच एकदा पुन्हा भिजवून घ्यावी. थंडाव्याने रक्तवाहिन्या आकसतात, त्यांतून झिरपणारे पाणी कमी होते आणि सूज उतरते. बर्फाचा खडा मात्र त्वचेवर सरळ टेकवू नये. इतक्या पातळ त्वचेला त्याने इजा होते. आमच्या क्वार्टरातील एक गृहिणी रात्रीच दोन चमचे माठाच्या पाण्यात टाकून ठेवी आणि सकाळी त्यांच्या पाठी डोळ्यांखाली टेकवी. तिची ती युक्ती मला फार पसंत पडली होती, कारण तीत विकत घेण्यासारखे काही नव्हते.

काकडीचे गुपितही यातच आहे. काकडीत शेकडा पंचाण्णव भाग पाणी असते, ती थंड राहते, आणि तिची चकती डोळ्याच्या खोबणीत नेमकी बसते. तिच्या गुणांत याहून अधिक जादू शोधू नये. तरीही तिचा एक अप्रत्यक्ष लाभ आहे. डोळ्यांवर चकत्या ठेवल्या की घरातील मालकिणीला दहा मिनिटे कोणी उठवीत नाही. बटाट्याच्या किसाचेही असेच. तो गार वाटतो, म्हणून बरे वाटते. त्याने त्वचेचा रंग उजळतो हे कोठे सिद्ध झालेले नाही, आणि काहींना कच्च्या बटाट्याच्या रसाने खाज सुटते. सासूबाईंची साय त्वचेचा कोरडेपणा घालविते, दिल्लीच्या कोरड्या थंडीत तेही थोडके नाही. बदामाचे तेल एखादा थेंब घेऊन अनामिकेने, म्हणजे करंगळीशेजारच्या बोटाने, अगदी हलके फिरवावे. त्या बोटाचा जोर सर्वांत कमी पडतो. चोळल्याने काळेपणा जातो हा गैरसमज आहे. वारंवार चोळलेली त्वचा उलट अधिक काळवंडते.

चहाच्या पुड्यांना मात्र काही आधार आहे. चहातील कॅफीन रक्तवाहिन्यांना आकसविते आणि त्यातील तुरट द्रव्य त्वचेला किंचित आवळते. बिनदुधाच्या चहाच्या दोन पुड्या गरम पाण्यात काढून, पूर्ण थंड करून, पिळून मिटल्या डोळ्यांवर दहा मिनिटे ठेवाव्यात. परिणाम तासा दोन तासांपुरता राहतो. एखाद्या समारंभाच्या सकाळी तेवढा पुरतो, आणि त्याहून अधिकाची अपेक्षा नसावी.

या सर्व उपायांना एक पथ्य आहे. घडी ज्याची त्याने वापरावी. २०२३ च्या पावसाळ्यात डोळे येण्याची साथ दिल्लीत पसरली होती, आणि महाराष्ट्रातही पुणे जिल्ह्यातील आळंदीसारख्या ठिकाणी तिने हजारोंना गाठले. घरातील एकच टॉवेल, एकच उशी, एकच ओला रुमाल यांवरून ही साथ हिंडते. डोळा लाल असेल, चिकटत असेल, तर त्यावर कोणतीही चकती वा पुडी ठेवू नये. आणि जे जे बाहेरून लावण्याचे आहे ते डोळ्यांच्या आत घालू नये. गुलाबपाणी, मध, त्रिफळ्याचे पाणी, लिंबाचा रस हे सारे कितीही नैसर्गिक असले तरी ते निर्जंतुक नसते, आणि बुबुळावर एकदा जखम होऊन तीत जंतू शिरले तर ती भरून येताना पांढरा डाग राहण्याचे भय असते. लिंबू तर पापणीच्या त्वचेवरही नको.

काजळाविषयी लिहिताना मला थोडा संकोच वाटतो, कारण ते आपल्या घरात केवळ सौंदर्यासाठी नसते. बाळाला दृष्ट लागू नये म्हणून आजीच्या बोटाने आलेले ते काजळ असते. तथापि या बोटाने पूर्वी एक मोठा रोग घरभर वाहून नेला, हे विसरता येत नाही. खुपऱ्या हा रोग एकेकाळी आपल्या देशात अंधत्वाच्या प्रमुख कारणांपैकी एक होता. एकाच बोटाने, एकाच डबीतून चार मुलांच्या डोळ्यांत काजळ घालणे हा त्याच्या प्रसाराचा एक मार्ग होता. १९६३ साली त्याविरुद्ध राष्ट्रीय कार्यक्रम सुरू झाला, पुढे १९७६ साली तो अंधत्व नियंत्रणाच्या व्यापक कार्यक्रमात सामील करण्यात आला. अलीकडचे देशव्यापी सर्वेक्षण दिल्लीच्याच अखिल भारतीय आयुर्विज्ञान संस्थेतील डॉ. राजेंद्र प्रसाद नेत्रविज्ञान केंद्राने केले. सरोजिनी नगरातून तेथे जावयास फार वेळ लागत नाही. ऑक्टोबर २०२४ मध्ये जागतिक आरोग्य संघटनेने भारतात खुपऱ्यांचे सार्वजनिक आरोग्याची समस्या म्हणून उच्चाटन झाल्याचे जाहीर केले. साठ वर्षांच्या या श्रमांनंतर तरी काजळाची डबी ज्याची त्याची वेगळी असावी. तान्ह्या बाळाच्या डोळ्यांत काजळ घालूच नये, दृष्टीची तीट कपाळाच्या कडेला किंवा तळपायालाही लावता येते. सुरमा तर मुळीच नको. पारंपरिक सुरम्यात पुष्कळदा शिसे असते, आणि शिसे मुलांच्या मेंदूला घातक आहे. प्रौढ स्त्रियांनी काजळ घातल्यास झोपण्यापूर्वी तेलाच्या बोळ्याने ते पुसून काढावे. आपण ज्याला काळे वर्तुळ समजतो त्यातील काही भाग कालचे काजळ असते, हे पुसल्यावर कळते.

परंतु काजळापेक्षा मला आज अधिक भय वाटते ते गोरेपणाच्या मलमांचे. २०२२ साली अकोल्याच्या एका कुटुंबातील तीन स्त्रिया मूत्रपिंडाच्या विकाराने आजारी पडल्या. एकाच घरातील तिघींना एकाच वेळी हा विकार का व्हावा, हे कोडे होते. मुंबईच्या केईएम रुग्णालयातील डॉक्टरांनी शोध घेतला तेव्हा तिघी चेहऱ्याला एकच क्रीम लावीत होत्या असे निघाले, आणि तपासणीत त्या क्रीममध्ये पाऱ्याचे प्रमाण प्रचंड आढळले. केरळातील कोट्टक्कल येथील डॉक्टरांनीही असेच रुग्ण पाहिले. जुलै २०२१ ते सप्टेंबर २०२३ या काळात मूत्रपिंडाच्या एका विशिष्ट विकाराचे जे २२ रुग्ण त्यांच्याकडे आले, त्यांपैकी १५ जणांत त्या विकाराचा एक विरळा प्रकार आढळला, आणि त्या १५ पैकी १३ जणांनी गोरेपणाची क्रीमे वापरली होती. पारा त्वचेतील रंगद्रव्य तयार होऊ देत नाही, म्हणून चेहरा थोड्या दिवसांत उजळतो. तोच पारा त्वचेतून रक्तात आणि रक्तातून मूत्रपिंडात जातो. मूत्रपिंडाची चाळणी बिघडली की रक्तातील प्रथिने लघवीवाटे वाहून जातात आणि शरीरावर सूज येऊ लागते. ही सूज पुष्कळदा प्रथम कोठे दिसते? डोळ्यांखाली. डोळ्यांखालचा काळेपणा घालविण्यासाठी लावलेले मलम अखेर डोळेच सुजवून सोडते, आणि ती बिचारी स्त्री त्या सुजेवर तेच मलम आणखी चोळते.

आपल्या देशाच्या नियमांप्रमाणे चेहऱ्याच्या क्रीममध्ये नकळत आलेला पारादेखील दहा लाख भागांत एका भागाहून अधिक असता कामा नये. परंतु नियम लागू व्हावा तर डबीवर उत्पादकाचे नाव, पत्ता, परवाना क्रमांक असावयास हवा. हे काही नसलेली, परदेशी अक्षरांनी सजलेली, कोणाच्या तरी ओळखीने आलेली डबी कितीही स्वस्त असली तरी घरात आणू नये. दुसरा धोका स्टेरॉइड असलेल्या मलमांचा. त्यांनीही रंग काही काळ उजळतो, मग त्वचा आणखी पातळ होते आणि रक्तवाहिन्या अधिकच दिसू लागतात. पापणीजवळ ती दीर्घकाळ लावल्यास डोळ्यातील दाब वाढून काचबिंदू होऊ शकतो. २०१८ साली केंद्र सरकारने अशा चौदा मलमांची डॉक्टरांच्या चिठ्ठीविना विक्री करण्यास मनाई केली. दुकानदाराने ओळखीवर दिले म्हणून ते औषध निर्धोक ठरत नाही.

येथवर डोळ्यांवर काय ठेवावे आणि काय ठेवू नये हे झाले. डोळे थकतात कशाने, हा प्रश्न राहिलाच आहे.

दिल्लीपुरते बोलावयाचे तर पहिला मान हवेला द्यावा लागेल. ऑक्टोबरच्या अखेरीपासून धुराने डोळे चुरचुरतात. त्याच वेळी ट्रंकांतून रजया बाहेर निघतात आणि वर्षभराची धूळ घेऊन अंगावर येतात. थंडी सरते न सरते तोच वावळाला मोहर येतो, रिजवरील विलायती बाभूळही फुलते, आणि त्यांच्या परागांनी पुन्हा डोळ्यांना खाज सुटते. खाज सुटली की आपण डोळे चोळतो, चोळले की पापण्या सुजतात आणि हळूहळू त्वचा काळवंडते. लहान मुलांच्या डोळ्यांखालच्या काळेपणामागे पुष्कळदा हीच वाट असते. म्हणून रजई वापरण्यापूर्वी दोन दिवस कडक उन्हात घालावी, उशीचे अभ्रे आठवड्याला गरम पाण्यात धुवावेत, बाहेरून आल्यावर मिटल्या डोळ्यांवर पाण्याचे हबके मारावेत, आणि खाज सुटल्यास चोळण्याऐवजी थंड घडी ठेवावी. खाज महिनाभर टिकली तर नेत्रतज्ज्ञाला दाखवावे.

मिठाचे माहात्म्य आपल्या लक्षात सहसा येत नाही. रात्रीच्या जेवणात पापड, लोणचे, खारवलेली मिरची, वर एखादा फरसाणाचा घास, आणि सकाळी पापण्या जड! जागतिक आरोग्य संघटना दिवसाला ५ ग्रॅमहून कमी, म्हणजे सपाट चहाच्या चमच्याएवढेही नाही, इतके मीठ पुरे म्हणते. त्यात भाजीतले, पोळीतले आणि बिस्किटातले मीठही आले. आठ दिवस रात्रीच्या ताटातील डावी बाजू रिकामी ठेवून पाहावी आणि आरशाला विचारावे.

कार्यालयातील संगणक आणि हातातील मोबाइल यांच्याकडे टक लावून पाहताना आपण पापण्या मिटावयाचेच विसरतो. एरवी मिनिटाला पंधरा वीस वेळा होणारी उघडझाप बरीच घटते, डोळ्यांवरील ओलावा सुकतो आणि संध्याकाळपर्यंत डोळे जड होतात. नेत्रतज्ज्ञ यावर एक सोपा नियम सांगतात. दर २० मिनिटांनी २० फुटांपलीकडील वस्तूकडे २० सेकंद पाहावे. खिडकीबाहेरचा कडुनिंब यासाठी उत्तम. तो तेथे अजून उभा असेल तर.

आणि झोप. प्रौढ माणसाला किमान सात तास झोप हवी, हे सर्वांना ठाऊक आहे. परंतु ती मिळते कोणाला? केंद्र सरकारच्या २०२४ च्या वेळ वापर सर्वेक्षणात असे दिसून आले की घरकाम करणाऱ्या स्त्रिया त्या विनामूल्य कामात दिवसाला २८९ मिनिटे घालवितात, आणि त्याच कामात हात लावणारे पुरुष ८८ मिनिटे. म्हणजे दोहोंमध्ये तीन तास एकवीस मिनिटांचे अंतर. नोकरी करणाऱ्या स्त्रीच्या बाबतीत हे तास निघतात ते तिच्या झोपेतून. डोळ्यांखालच्या काळ्या वर्तुळांवर उपाय विचारणाऱ्या पत्रांतून ही गोष्ट क्वचितच लिहिलेली असते. या लेखाचे वाचक पुरुष असतील तर त्यांना एक घरगुती उपाय सुचवावासा वाटतो. रात्रीची भांडी त्यांनी घासावीत, आणि सकाळचा पहिला चहाही त्यांनीच ठेवावा. पंधरा दिवसांत घरातील एका चेहऱ्यावर फरक दिसतो की नाही ते पाहावे. काकडीपेक्षा हा उपाय स्वस्त आहे.

रक्तक्षयाचाही येथे संबंध येतो. २०१९ ते २०२१ या काळातील राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणानुसार १५ ते ४९ वर्षे वयाच्या स्त्रियांपैकी शेकडा ५७ स्त्रियांना रक्तक्षय आहे. रक्त कमी असले की चेहरा फिकट होतो आणि डोळ्यांखालची छटा अधिक गडद भासते, शिवाय थकवा असतोच. खालची पापणी हलकेच ओढून आतील रंग पाहावा. तो गुलाबी असावा, पांढुरका असेल तर रक्त तपासून घ्यावे. गर्भवती नसलेल्या स्त्रीचे हिमोग्लोबिन १२ ग्रॅमच्या खाली जाता कामा नये. थंडीत सरोजिनी नगरच्या भाजीबाजारात बथुआ म्हणून जी हिरवी जुडी ढिगांनी येते ती आपली चाकवतच होय. तिची ताकातली भाजी करावी, हरभरे, अळीव आहारात ठेवावेत, वर लिंबू पिळावे, आणि जेवणावर लगेच चहा घेऊ नये, त्याने अन्नातील लोह अंगी लागत नाही. मात्र रक्त फारच कमी असल्यास केवळ भाजीने ते भरून येत नाही. गोळ्या घ्याव्या लागतात, आणि त्या सरकारी आरोग्य केंद्रात मिळतात.

आता अखेरीस एक प्रसंग सांगावयाचा आहे. खरे तर त्यासाठीच हा लेख लिहावासा वाटला.

आमच्या जिन्यावरच्या एका मराठी कुटुंबात चार वर्षांचा एक मुलगा होता. दिवाळीच्या सुमारास सकाळी उठताना त्याचे दोन्ही डोळे सुजू लागले. दुपारपर्यंत सूज उतरे, मुलगा खेळे, म्हणून कोणाला काही विशेष वाटले नाही. धुराचे दिवस होते. धुरानेच होत असेल, असे सर्वांनी ठरविले, आणि मीही त्याच्या आईला थंड पाण्याच्या घड्या ठेवावयास सांगितले. एका दवाखान्यातून ॲलर्जीचे थेंब आणले गेले. तीन आठवडे गेले. मग साताऱ्याहून त्याची आजी आली. तिने पहिल्याच संध्याकाळी मुलाचे मोजे काढले आणि घोट्यावर उमटलेली खोल रेघ पाहून बोट दाबले. खड्डा पडला आणि तसाच राहिला. "याच्या लघवीला फेस येतो का गं?" तिने सुनेला विचारले. सून गप्प राहिली. फेस येत होता, पण तिने ते कोणाला सांगण्यासारखे मानले नव्हते.

दुसऱ्या दिवशी लघवीची तपासणी झाली. तीत प्रथिने भरपूर निघाली. मुलाला मूत्रपिंडाचा तोच विकार झाला होता ज्यात चाळणी गळू लागते आणि जो लहानपणी, विशेषतः दोन ते सहा वर्षांच्या वयात, पुष्कळ आढळतो. यात पाऱ्याचा वा कोणाच्या चुकीचा संबंध नव्हता. मुलांमध्ये तो बहुतेक वेळा असाच, उघड कारणाविना होतो, आणि वेळेवर औषध सुरू केल्यास बहुसंख्य मुले काही आठवड्यांत सुधारतात. उशीर झाल्यास मात्र पोटात पाणी साचते, जंतुसंसर्ग जिवावर बेततो. त्या आजीने कोणती पदवी घेतलेली नव्हती. तिच्या माहेरी असाच एक मुलगा होता, आणि तो वाचला नव्हता, एवढेच तिला आठवत होते.

म्हणून आईवडिलांनी हे ध्यानी ठेवावे. मुलाचे दोन्ही डोळे रोज सकाळी सुजत असतील, चार दिवस झाले तरी थांबत नसेल, आणि जोडीला पाय सुजणे, चड्डीचे नाडे घट्ट होणे, लघवी फेसाळ वा कमी होणे यांपैकी काहीही दिसले, तर घड्या ठेवीत बसू नये. साधी लघवीची तपासणी कोणत्याही आरोग्य केंद्रात थोड्या वेळात होते. मोठ्या माणसांनाही हेच लागू आहे. त्यातही डोळ्यांच्या सुजेबरोबर वजन वाढत असेल, थंडी सोसवत नसेल, आवाज घोगरा झाला असेल, तर गलग्रंथीची तपासणी करून घ्यावी. एकाच डोळ्याची पापणी लाल होऊन ठणकू लागली, ताप आला, डोळा पुढे आल्यासारखा वाटला किंवा नजर अंधुक झाली, तर त्याच दिवशी रुग्णालय गाठावे, दुसऱ्या दिवसाची वाट पाहू नये.

त्या मुलाला काही आठवडे औषध चालले आणि सूज पूर्ण उतरली. हा विकार निम्म्याहून अधिक मुलांत पुन्हा डोके वर काढतो, त्याप्रमाणे दोन वर्षांत दोनदा तो उलटला. दोन्ही वेळा तो पहिल्याच दिवशी ओळखता आला. डॉक्टरांनी आईला एक वही घालून दिली होती. रोज सकाळी लघवीत तपासणीची पट्टी बुडवायची, तिचा रंग डबीवरील रंगांशी ताडून पाहायचा आणि वहीत तारखेपुढे लिहायचे. क्वार्टरे रिकामी करण्याची वेळ आली तेव्हा सामान बांधताना ती वही माझ्या हाती लागली. पानेच्या पाने एकाच अक्षरात भरलेली होती. तारखा बदलत होत्या, आणि प्रत्येक तारखेपुढे एकच शब्द होता: निरंक, निरंक, निरंक.